आमची फटफटी

मनुष्यास नव्या वस्तूची जितकी आवड असते, तितकीच, किंबहुना तीहून अधिक आवड आपल्या हातानें घडविलेल्या वस्तूची असते. बाजारांतून आणलेला आकाशकंदील कितीहि सुबक असला, तरी कामट्या बांधून व कागद चिकटवून घरीं केलेला वेडावांकडा कंदीलच मुलास प्रिय वाटतो. वय वाढलें म्हणजे कंदिलाची जागा दुसरी एखादी वस्तु घेते, पण वृत्ति तीच राहते. आमच्या बाबतींत ती जागा एका जुन्या फटफटीनें घेतली. तिच्या नादांत आम्ही पुष्कळ शिकलों, आणि एक मोठी चूकहि करून बसलों. त्या चुकीपासून जें शिकलों, तें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडील मंडळीस सांगावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

आपल्या मनाजोगी फटफटी बांधणें असें म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें अवाढव्य परदेशी गाड्या उभ्या राहतात. आम्ही बोलणार आहों त्या गाड्या लहान. आपल्या गल्लींतून, भाजीबाजारांतून व शाळेच्या दारावरून रोज जाणाऱ्या. लहान गाड्यांचें प्रेम आपल्याकडे जुनेंच आहे. पुण्याच्या कायनेटिक कंपनीनें १९७२ सालीं ५० सीसीची लुना काढली, आणि सायकलीवांचून दुसरें वाहन ज्यांनीं घरांत पाहिलें नव्हतें अशा अनेक कुटुंबांच्या दारीं यंत्राचें वाहन आलें. १९७३ सालीं ‘बॉबी’ चित्रपटांत दिसलेली राजदूतची ठेंगणी मोटारसायकल त्या चित्रपटाच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. १९८५ सालीं हिरो होंडाची सीडी १०० आली, व थोड्या पेट्रोलांत पुष्कळ चालणारें लहान फोर-स्ट्रोक इंजिन खेडोपाडीं पोंचलें.

गाडी आहे तशी न ठेवतां ती हलकी व वेगवान दिसेल अशी करावी, ही हौस १९५० नंतरच्या दहापंधरा वर्षांत लंडनच्या तरुणांत फार बोकाळली. नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफेसारख्या उपाहारगृहांबाहेर ही मंडळी जमे. हँडल खालीं घेतलेल्या व निरुपयोगी वाटले ते भाग काढून टाकलेल्या त्यांच्या गाड्यांस ‘कॅफे रेसर’ असें नांव पडलें. अर्धें शतक उलटल्यावर त्या गाड्यांचीं छायाचित्रें कोल्हापुरांत आमच्या पाहण्यांत आलीं, आणि तोच छंद आम्हांसहि जडला.

गाडी आमच्या काकांची. १९९८ सालीं घेतलेली सीडी १००. काकांच्या पायास दुखणें जडल्यावर ती गोठ्याच्या पत्र्याखालीं उभी राहिली, ती उभीच राहिली. २०१७ च्या उन्हाळ्यांत आम्हीं ती मागितली, तेव्हां तिच्या सीटवर एक कोंबडी अंडीं उबवीत बसली होती. “पिल्लं निघेपर्यंत थांब, मग ने,” असें काकांनीं सांगितलें. त्याप्रमाणें तीन आठवडे थांबून आम्हीं ती टेंपोंत घातली व शिवाजी उद्यमनगरांत आणली.

उद्यमनगर म्हणजे लेथ, वेल्डिंग व ओतकाम यांचें माहेरघर. तेथील एका बोळांत आमच्या वस्तादांचें गॅरेज आहे. कुस्तीच्या तालमींतला हा शब्द आमच्या गांवीं यंत्राच्या तालमींतहि चालतो. वस्तादांचें शिक्षण सातवीपर्यंत झालेलें. परंतु इंजिनाचा आवाज ऐकून त्याचें दुखणें सांगण्यांत त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी आमच्या पाहण्यांत नाहीं. गाडी दुरुस्त करून देण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. “मी करून देणार न्हाई. तू कर, मी बघतो,” ही त्यांची अट.

पहिले आठ दिवस आम्हीं केवळ उकलण्याचें काम केलें. निघेल तो नट व वायसर रॉकेलनें धुवावा, जागेच्या नांवाची चिठ्ठी लावून निरनिराळ्या डब्यांत ठेवावा, आणि संध्याकाळीं वस्तादांनीं कोणताहि डबा पुढें केला असतां तो कोठला हें सांगावें, असा क्रम होता. इंजिन उघडलें त्या दिवशीं आम्हांस शाळेंतील गणिताच्या तासाची आठवण झाली. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ४९.५ मिलिमीटर. वृत्तचितीचें घनफळ काढण्याची रीत लावली, तों उत्तर ९७.२ घनसेंटिमीटर आलें. गाडीच्या पुस्तिकेंतहि तोच आंकडा! एक लहान कप चहा मावेल एवढ्या त्या जागेंत, इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असतां, दर सेकंदास २५ वेळां स्फोट होतो आणि दोन माणसांस घाट चढवून नेतो. हें गणित कशास शिकावयाचें असें विचारणाऱ्या मित्रांनीं एकदां उघडें इंजिन पाहावें.

निगा राखण्याच्या ज्या गोष्टी आम्ही तेथें शिकलों त्या साध्याच आहेत. तेल काळें व पातळ झालें म्हणजे बदलावें, कारण या इंजिनांत जेमतेम लिटरभर तेल असतें आणि तेवढ्यानेंच सर्व घर्षण सोसावयाचें असतें. प्लगच्या टोकांतील फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी. प्लगचा रंग विटकरी असेल तर इंजिन निरोगी. काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक जातें. पांढरा पडला असेल तर हवा अधिक जाते व इंजिन तापतें. व्हॉल्व्हवरील फट माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. ती थंड इंजिनावरच मापावी. साखळी खालच्या अंगास मध्यभागीं बोटानें उचलली असतां साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी. फार ताठ असल्यास ती लवकर झिजते, फार सैल असल्यास उतरते. ब्रेकच्या ड्रममधील धूळ फुंकून उडवूं नये, ती छातींत जाते. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी.

दोन महिन्यांनीं, श्रावणांतील एका संध्याकाळीं, सातव्या किकेस गाडी सुरू झाली. त्या क्षणीं झालेला आनंद शब्दांत सांगतां येण्याजोगा नाहीं. पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीची तपासणी करून तिची नोंदणी नवी करावी लागते. तेंहि काम आम्हीं यथासांग करून घेतलें. तपासणीच्या दिवशीं गाडीवर सर्व भाग जेथल्या तेथें होते, हें येथें मुद्दाम सांगून ठेवितों.

येथवर आमची गाडी केवळ दुरुस्त झाली होती. आतां ती ‘बांधावयाची’ होती. छायाचित्र भिंतीस चिकटवून आम्हीं कामास आरंभ केला. लांब सीट कापून आखूड केली. हँडल बदलून खालीं घेतलें. मागचें मडगार्ड निम्में कापलें. आरसे काढले. सायलेन्सरच्या आंतील जाळ्या काढून टाकल्या, तेव्हां त्या गरीब गाडीच्या तोंडून वाघाची डरकाळी निघूं लागली. हवेच्या गाळणीची पेटी काढली. परंतु तिच्यावांचून इंजिन ठसकूं लागलें, तापूं लागलें व प्लग पांढरा पडला. निमूटपणें ती पेटी परत बसवावी लागली. शेवटीं उरलें चेनकव्हर व मागील चाकाच्या डाव्या अंगास असलेली लोखंडी जाळी, जीस सर्व लोक साडीगार्ड म्हणतात. त्या जाळीइतकी कुरूप वस्तु गाडीवर दुसरी नव्हती. पाना लावला तों वस्ताद म्हणाले, “काढायला काय रं, कुणीबी काढतंय. ती कशापायी बसवली हुती ते सांग, मग काढ.”

आम्ही हंसलों. “वस्ताद, या गाडीवर मीच बसणार, मी कांहीं साडी नेसत नाहीं,” असें उत्तर दिलें. वस्ताद कांहीं बोलले नाहींत. मात्र पाना आमच्या हातांतून घेऊन त्यांनीं पेटींत ठेवला. आम्हीं ती जाळी त्याच रात्रीं घरीं काढली, व पुढें गांवीं गेलों तेव्हां काकांच्या अंगणांत टाकून दिली.

गाडीचें फार कौतुक झालें. रंकाळ्यावर ती उभी केली कीं मुलें भोंवतीं जमत. मित्रांनीं छायाचित्रें काढलीं. वर्षभर आम्ही हवेंत होतों. हवेची पेटी काढली तेव्हां इंजिनानें तत्काळ तक्रार केली होती. जाळी व चेनकव्हर काढल्याबद्दल मात्र त्यानें चकार शब्द काढला नाहीं. उलट गाडी किंचित् हलकीच धांवूं लागली. यावरून ते भाग निरर्थक होते, असा सिद्धान्त आम्हीं मनाशीं ठरवून टाकला.

२०१८ सालच्या नोव्हेंबरांतील एका रविवारीं आईस लक्ष्मीपुरीच्या आठवडेबाजारास जावयाचें होतें. रिक्षा मिळेना. “चल, मी सोडतों,” असें आम्हीं म्हटलें. त्या आखूड सीटवर ती कशीबशी एका बाजूस बसली. ऊन होतें म्हणून तिनें इरकली साडीचा पदर डोक्यावरून घेऊन मानेभोंवतीं गुंडाळला होता व खांद्यास पिन लावली होती. बाजाराच्या तोंडाशीं गर्दींत गाडीचा वेग ताशीं पंधरा किलोमीटरांहून अधिक नसावा. एवढ्यानें काय होणार, असें कोणासहि वाटेल. परंतु त्या वेगांतहि आमच्या गाडीचें चाक दर सेकंदास दोन फेरे घेतें. वाऱ्यानें पदराचें टोंक मागें उडालें, आऱ्यांत शिरलें, आणि आम्हांस कांहीं कळण्यापूर्वीं दोन हात कापड चाकानें ओढून घेतलें.

मागून एक अर्धवट आवाज आला. आम्हीं ब्रेक दाबला. आई रस्त्यावर पडली होती. पदर चाकाच्या आंसाभोंवतीं व साखळींत पिळून बसला होता, आणि त्याचा दुसरा पीळ तिच्या मानेभोंवतीं होता. तिला बोलतां येईना. आम्हीं पदर ओढूं लागलों, तों तो अधिकच आवळला. हात थरथरूं लागले. वर्षभर हाताळलेल्या त्या चाकापुढें आम्हांस काय करावें हें सुचेना. इतक्यांत शेजारीं पालेभाजी घेऊन बसलेली एक बाई विळा घेऊन धांवली. तिनें आम्हांस बाजूस ढकललें, मानेजवळ दोन बोटें घालून पदर उचलला आणि एका ओढींत कापून टाकला.

आईस तेथेंच एका दुकानाच्या पायरीवर बसविलें, पाणी दिलें. कोपर व गुडघा सोलवटला होता. मानेवर तांबडा वळ उठला होता. डॉक्टरांनीं तपासून भीति नाहीं असें सांगितलें, हें आमचें भाग्य. पायरीवर बसल्या बसल्या तिचा आवाज परत आला तेव्हां ती ना रागावली, ना रडली. चाकाकडे पाहून तिनें एवढेंच विचारलें, “भाऊजींच्या गाडीला इथं जाळी होती. ती कुठं गेली?”

त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आजहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी ढकलीत वस्तादांकडे नेली. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें. बोलले कांहीं नाहींत. चाक उतरवून आमच्यापुढें ठेवलें व हातांत एक चिमटा दिला. आंसाभोंवतीं बसलेलें तें हिरवें कापड धागा धागा करून काढावयास दीड तास लागला. काम संपल्यावर त्यांनीं विचारलें, “आता सांग. काय काय काढलंस, आन् कुणाचं काढलंस?”

‘कुणाचं’ हा शब्द ऐकून आम्ही चपापलों. वहींत लिहूं लागलों, तेव्हां आमच्या मूर्खपणाचा पुरा उलगडा झाला. मडगार्ड मागून येणाऱ्या सायकलस्वाराचें होतें. तें नसल्यानें चिखल त्याच्या तोंडावर उडे. आरसे आमच्या उजवीकडून पुढें जाणाऱ्याचे होते. सायलेन्सरमधील जाळ्या गल्लींतील आजाऱ्यांच्या व निजलेल्या मुलांच्या होत्या. सीटचा कापलेला भाग दुसऱ्या माणसाचा होता. चेनकव्हर व साडीगार्ड आमच्या आईचें होतें. फटफटींत जें जें इंजिनाचें असतें तें काढलें कीं इंजिन बोलतें. जें चालविणाऱ्याचें असतें तें काढलें कीं चालविणारा बोलतो. पण जें इतरांचें असतें तें काढलें असतां कोणी बोलत नाहीं, म्हणून तें निरुपयोगी वाटतें. छायाचित्रांतील गाडी सुंदर दिसे, याचें एक कारण असें कीं त्या छायाचित्रांत दुसरें कोणी माणूसच नव्हतें.

पुढें आम्हीं कायदाहि वाचून पाहिला. तो आधीं वाचावयास हवा होता. नोंदणीपत्रांत लिहिलेल्या मूळ तपशिलांशीं विसंगत असा फेरफार गाडींत करूं नये, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांतील १२३ वा नियम असा कीं मोटारसायकलीस मागील माणसाकरितां धरावयाची मूठ, पाय ठेवण्याची जागा व मागील चाकाचा निदान निम्मा भाग झांकणारें असें आवरण असावें, कीं ज्यायोगें मागें बसणाऱ्याचीं वस्त्रें चाकांत गुंतूं नयेत. आम्हीं कुरूप म्हणून फेंकलेल्या त्या जाळीकरितां देशाच्या नियमांत एवढी जागा राखलेली आहे!

ज्या कुळांतलें आमचें इंजिन, त्या कुळाच्या आरंभींहि अशीच एक हकीकत आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, सोइचिरो होंडा यांनीं जपानी सैन्याच्या बिनतारी यंत्रांस वीज पुरविणारीं लहान उरलेलीं इंजिनें घेऊन तीं सायकलींस जोडलीं. त्यांतील एक गाडी त्यांची पत्नी साची हिनें रस्त्यावर चालवून पाहिली. तिचीं वस्त्रें तेलानें माखलीं, व तिनें पतीस तें स्पष्ट सांगितलें. बारा वर्षांनीं, १९५८ सालीं, होंडा यांच्या कारखान्यांतून सुपर कब नांवाची लहान गाडी बाहेर पडली. तिची साखळी पूर्ण झांकलेली व पायांपुढें चिखल अडविणारा पडदा. अशा गाड्यांची संख्या २०१७ सालीं दहा कोटींवर गेली. जगांत सर्वांत अधिक खपलेली ही मोटारसायकल इतरांच्या वस्त्रांची काळजी घेणारी निघाली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

गाडी पुन्हां बांधावयाची ठरली. जुनी जाळी आणण्यास काकांकडे गेलों, तों ती खुराड्याच्या दारास बांधलेली दिसली. मांजरापासून पिल्लांचें रक्षण ती उत्तम प्रकारें करीत होती. शाळेच्या प्रार्थनेंत ऐकलेली, गवंड्यांनीं नाकारलेल्या दगडाची गोष्ट त्या अंगणांत आम्हांस नीट समजली. खुराडें मोडण्याचें धैर्य झालें नाहीं. मापें घेतलीं, आणि उद्यमनगरांत ६ मिलिमीटरची सळई वांकवून आम्हीं स्वतः नवी जाळी तयार केली. दोन सळयांमधील अंतर इतकें ठेविलें कीं तळहात आंत जाऊं नये. टोंकें आंत वळविलीं, कीं कापड अडकूं नये. मग गाडी स्टँडवर चढवून, इंजिन बंद ठेवून, चाक हातानें फिरवीत जाळीवर ओलें फडकें धरून पाहिलें. तीन वेळां वस्तादांनीं ती जाळी परत काढावयास लाविली. चौथ्या वेळीं मान हालविली. वेल्डिंगचा धडा आम्ही त्या जाळीवर शिकलों.

सायलेन्सर, आरसे, हँडल, मडगार्ड, लांब सीट हें सर्व मूळ जागीं आलें. रंगहि नोंदणीपत्रांतला, काळाच ठेविला. मग आमची गाडी इतर गाड्यांहून निराळी ती काय उरली, असें कोणी विचारील. टाकीवर एका पाट्या रंगविणाऱ्या चित्रकारानें हातानें ओढलेली सोनेरी रेघ आहे. सीटची शिवण आमच्या हातची आहे. इंजिनाचीं आवरणें घांसून आरशासारखीं केलीं आहेत. आणि डाव्या अंगास ती जाळी आहे, जी कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. रंकाळ्यावर आतां मुलें जमत नाहींत, हें खरें. परंतु एकदां एका वृद्ध गृहस्थांनीं वांकून तिचे जोड पाहिले व “हे काम कुणी केलं?” असें विचारलें, तेव्हां आम्हांस पूर्वीच्या सर्व छायाचित्रांहून अधिक आनंद झाला.

विद्यार्थिमित्रांनो, अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून असें वाहन रस्त्यावर नेण्याची परवानगी नाहीं. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीस सोळा वर्षें लागतात. पण हात शिकविण्यास वयाची अट नाहीं. घरांतली सायकल घ्या, तिची साखळी काढून धुवा, ब्रेक नीट करा, आणि जें काढाल तें परत बसवावयास शिका. काढण्यापूर्वीं वस्तादांचा प्रश्न मात्र स्वतःस विचारा.

आईनें पुढें सहा महिने फटफटीचें नांव घेतलें नाहीं. आम्हींहि आग्रह केला नाहीं. मग एका रविवारीं पिशवी घेऊन ती आपण होऊन दारांत आली. वांकली, जाळी मुठींत धरली, आणि घरच्या खिडकीचा गज बळकट आहे कीं नाहीं हें पाहावें तशी ती तिनें दोनदां जोरानें हालवून पाहिली. मग पदर खोंचला व मागें बसली. आज इतकीं वर्षें झालीं, तरी बसण्यापूर्वीं ती जाळी हालवून पाहते. आम्ही तोंवर इंजिन सुरू करीत नाहीं.